पॅरिसच्या घड्याळाला हळदीचं बोट

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली, पण यांच्या मावसभावाइतका निगुतीनं, मन लावून भिणारा माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा नसेल. बाकीचे लोक काही घडलं की भितात. भाऊजी सकाळी उठल्यावर आधी भिऊन घ्यायचे आणि मग दात घासता घासता कारण शोधायचे. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. न्यू जर्सीत आयसेलिनला ओक ट्री रोडवर आपली दुकानं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती आणि आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाऊजी राहत होते. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मुलीकडच्यांनी होकार दिला तर काय करायचं, याचीच भीती होती, वहिनी." वर आमचा फोन वाजला की खाली ते उठून उभे राहत. आम्ही आन्सरिंग मशीन घेतलं तेव्हा तर कहर झाला. कामावरून फोन केला आणि मशीन लागलं की ते आधी मशीनची माफी मागत, मग स्वतःचं पूर्ण नाव सांगत आणि "काही काम नव्हतं, चुकून लागला" असं म्हणून ठेवून देत. संध्याकाळी टेप लावली की असे चार-चार निरोप निघायचे. टोस्टरसमोर ते कधी उभे राहिले नाहीत. पाव आत टाकायचा, खटका दाबायचा आणि जिन्याच्या आडोशाला जाऊन थांबायचं. खट्ट आवाज झाला की तिथूनच विचारत, "आलं का वर?" जणू आत कुणाचं बाळंतपण चाललंय.

पण भीती सगळीच हसण्यासारखी नव्हती. त्या सुमाराला जर्सी सिटीत आपल्या लोकांना रस्त्यात गाठून मारहाण होत होती. मी घरून निघताना टिकली पर्समध्ये ठेवायचे आणि लॅबमध्ये पोचल्यावर लावायचे. आणि भाऊजींच्या सगळ्या भीतींची आई म्हणजे ग्रीन कार्ड. न्यूयॉर्कातल्या ज्या दुकानात ते काम करत, त्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं त्यांच्यासाठी अर्ज भरला होता. दुकान आहे तोवर अर्ज, अर्ज आहे तोवर अमेरिका, असा सरळ हिशेब. मालकाची मर्जी गेली तर बॅग भरायची. त्यामुळे भाऊजी मालकाला एवढे भीत की म्हाताऱ्याला शिंक आली तरी "सॉरी" भाऊजीच म्हणत. "ते ओरडत नाहीत, वहिनी, हेच वाईट आहे," ते मला सांगत. "ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो. हे हळू बोलतात. हळू बोलणारा माणूस आत काय ठेवतोय, काही पत्ता लागत नाही."

आता दुकान कसलं, ते सांगते. जुन्या दागिन्यांचं, आणि त्यातही पॅरिसच्या कारागिरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी केलेल्या टेबलावरच्या घड्याळांचं. मी मिरजेची. वडील एसटीच्या डेपोत फिटर. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि रसायनशास्त्रातली माझी ती पदवी मी काचेच्या चौकटीत घालून अमेरिकेत आणलीय, दिवाणखान्यात लावलीय, कुणाला दिखाऊपणा वाटला तर वाटो. सांगायचं काय, तर घड्याळ म्हणजे वेळ दाखवणारी वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. भाऊजींनी मला शहाणं केलं. ते कोल्हापूरच्या सोनाराच्या घरचे. विशीत मुंबईला फोर्टातल्या एका घड्याळजीकडे उमेदवारीला लागले आणि तिथं संस्थानिकांच्या वाड्यांमधून दुरुस्तीला येणारी असली घड्याळं त्यांच्या हाताखालून गेली. एकेका राजानं जवाहिऱ्याकडे पाचू पाठवावा तसं पॅरिसहून हे एवढंसं घड्याळ मागवावं, जेवणाच्या ताटातल्या वाटीएवढं, आणि नातवानं ते खाली पाडावं.

पॅरिसला भाऊजी कधी गेले नव्हते. जायला भीत होते. पण तिथल्या कारागिरांबद्दल ते चुलत्यामामांबद्दल बोलावं तसं बोलत. "आपली मंडळी फार कष्टाची, वहिनी. चांदीच्या पत्र्यावर चाकाच्या यंत्रानं लाटा कोरणारा एक. त्या लाटांवर काचेची भुकटी पसरून भट्टीत मीना करणारा दुसरा. तो पाच-पाच, सहा-सहा वेळा भट्टीत घालायचा, आणि प्रत्येक वेळी तडकायची भीती. काट्यांवर कणीएवढे हिरे बसवणारा तिसरा. आतलं यंत्र स्वित्झर्लंडचं. एवढ्या जणांनी जीव मुठीत धरून केलंय, आणि लोक विचारतात, बरोबर चालतं का!" सोन्याच्या तुकड्यावर गरुडाचं आणि चांदीवर रानडुकराचं डोकं, असे फ्रान्सच्या सरकारचे बारीक छाप असतात, तेही त्यांनीच मला भिंगातून दाखवले. मी म्हटलं, "चांदीवर डुक्कर कशाला मेलं?" तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "हळू बोला, वहिनी." बेसमेंटमध्ये आम्ही दोघंच होतो.

आणि एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. एकदा का डोळ्याला भिंग लावलं आणि हातात चिमटा घेतला की या माणसाची भीती कुठं जायची कोण जाणे. टोस्टरला घाबरणारे ते हात मोहरीच्या अर्ध्या आकाराचा स्क्रू उचलून जागेवर बसवत तेव्हा जरासुद्धा हलत नसत. मी जिन्यावर उभी राहून बघत राहायचे. भिंग काढलं की पुन्हा सुरू.

यातली काही घड्याळं आठ दिवसांच्या चावीची असतात. दुरुस्तीनंतर आठही दिवस ती नीट चालतात का, ते बघत बसावं लागतं. शनिवार-रविवार दुकान बंद, म्हणून मालकाच्या परवानगीनं भाऊजी घड्याळ घरी आणत. आणत कशातून? स्टीलच्या दुमजली डब्यातून. खालच्या मजल्यात मऊ पंच्यात गुंडाळलेलं घड्याळ आणि वरच्या मजल्यात मी केलेले बेसनाचे लाडू. "चोरानं डबा उघडलाच तर लाडू देऊन वाटेला लावता येईल." एकदा मेट्रोपार्कला येणाऱ्या ट्रेनमध्ये शेजारच्या बाईनं सहज विचारलं, डब्यात काय आहे? भाऊजींनी घामेजून वरचं झाकण उघडलं. तिनं एक खाल्ला, आवडला, दुसरा खाल्ला, मग तिसरा. "चौथा मागितला असता तर खालचा मजला दिसला असता," भाऊजी घरी येऊन सांगत होते, आणि खरंच त्यांचा आवाज बसला होता.

तर असंच एक घड्याळ ऑक्टोबरात आमच्याकडे आलं. चौकोनी, कबुतराच्या मानेसारखा राखाडी मीना, त्याखाली लाटाच लाटा, कडेला पांढऱ्या अकीकाची पट्टी. भाऊजी पंधरा दिवस त्याच्यावर काम करत होते आणि इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात सुंदर घड्याळ ते होतं. दुकानात त्याच्यासाठी कार्डही टाइप करून ठेवलं होतं : मीना मूळचा, अखंड. मंगळवारी दुपारी एक श्रीमंत बाई ते बघायला येणार होत्या, आणि बघायला म्हणजे न्यायलाच.

आमच्याकडे अमेरिकेत सगळे सण रविवारी येतात. खंडेनवमी मधल्या वारी झाली होती, ती मी त्या रविवारी साजरी करत होते. माझ्या वडिलांचे पाने-पक्कड त्या दिवशी पाटावर ओळीनं मांडलेले असायचे. ज्या हत्यारावर घर चालतं त्याला वर्षातून एक दिवस हळदकुंकू लागलंच पाहिजे, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मी गाडीच्या स्टीअरिंगला लावलं, शिवणयंत्राला लावलं, यांच्या कॅल्क्युलेटरला लावलं, माझ्या पदवीच्या चौकटीला लावलं. मग ताट घेऊन खाली गेले. भाऊजी आंघोळीला गेले होते. त्यांचे चिमटे, स्क्रूड्रायव्हर, भिंग, सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावलं. आणि टेबलाच्या मधोमध ते घड्याळ चालू होतं. ज्याच्यावर माणसाचं पोट चालतं त्याला सोडून कसं द्यायचं? मी वरच्या उजव्या कोपऱ्यावर हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकू, वर दोन अक्षता, आणि नमस्कार करून वर जाऊन पुऱ्या लाटायला घेतल्या.

तासाभरानं मला वाटलं, भाऊजी अजून जेवायला का येत नाहीत. जाऊन बघते तर ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले, ओले केस, मांडीवर मऊ फडकं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त बोट केलं. हळदकुंकू पुसून झालं होतं. सगळा मीना स्वच्छ, आणि त्या एका कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा पिवळाजर्द डाग.

"पुसा ना," मी म्हटलं.

"पुसतोच आहे तासभर. जात नाही." मग अगदी हळू म्हणाले, "वहिनी, माझं ग्रीन कार्ड."

 मी लॅबमध्ये काम करणारी बाई, घाबरले की माझं डोकं चालायला लागतं. मी वर गेले, माझी लोणच्याची काचेची बरणी आणि आमटीचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आले आणि दोन्ही त्यांच्यापुढं धरले. "हे बघा. बरणीत सात वर्षं हळद आहे, कुठं पिवळी पडलीय? आणि हा डबा बघा, दोन आमट्यांत गेला. हळद काचेला चढत नाही, भाऊजी. तुमचा मीना काच आहे ना?"

"अस्सल काच."

"मग हा कोपरा काच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या कुळाबद्दल काही बोलले. मग भिंग लावलं. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. भिंग काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ही भीती वेगळी होती, माझ्या ओळखीची नव्हती. "हा मीना नव्हेच," ते म्हणाले. "कुणीतरी कधीतरी पाडलंय. टवका उडाला, तिथं रंग भरून वर लाख दिलीय. लाटासुद्धा कुंचल्यानं काढल्यात, वहिनी. काय हात आहे! पंधरा दिवस माझ्या नाकासमोर होतं, आणि मला दिसलं नाही."

डाग कसा घालवायचा, ते सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. पांढऱ्या साडीवरची हळद कुणाचीही आई उन्हातच टाकते. आम्ही घड्याळ स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि भाऊजी समोर स्टूल टाकून बसले. झाडावर खार आली की उठायचे, ढग आला की उठायचे, शेजारचा गवत कापायला निघाला तेव्हा तर पडदा ओढून घेतला आणि ऊनच बंद केलं. रविवार गेला. सोमवारी भाऊजींनी आयुष्यातली पहिली सिक लीव्ह घेतली, आन्सरिंग मशीनवर बोलावं तसं अडखळत, खोटं बोलून. सोमवारी उन्हं कलली तेव्हा डाग गेलेला होता. मीही भिंगातून पाहिलं. काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"सुटलो!" हे म्हणाले. "दादा, आता डब्यात घाल आणि उद्या गुपचूप नेऊन दे."

"पण कार्डावर अखंड लिहिलंय," भाऊजी म्हणाले.

"तू लिहिलंयस का? ज्यानं लिहिलं तो बघून घेईल. तुझे कागद हातात येऊ देत, मग हो हरिश्चंद्र."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळात प्रसिद्ध आहे. अध्यक्षांना भर सभेत गप्प बसवलंय मी. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "हे सांगतात ते बरोबर आहे, भाऊजी. नका बोलू." माझ्या बोटानं झालेली गोष्ट होती, आणि त्या बोटापायी कुणाची अमेरिका जावी, ही भीती माझ्या तोंडातून बोलली. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

मंगळवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. एवढं तरी करणं भाग होतं. ट्रेनमध्ये ते खिडकीशी बसले. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. लाडू मी घातले नव्हते, त्या दिवशी सुचलंच नाही. दुकान मखमलीचं, शांत, इतकं शांत की दहा-बारा घड्याळांची टिकटिक एकमेकींत मिसळून कुणीतरी कुजबुजत असल्यासारखी वाटत होती. म्हातारा मालक पुढं आला. त्याचा बाप पॅरिसात हिरे बसवणारा कारागीर होता, आणि बापाचा फोटो गल्ल्यामागे लावलेला. भाऊजींनी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. मालकानं ते हातात घेऊन गोल फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "फार सुंदर काम. थँक यू."

झालं, मी मनात म्हटलं. आता निघा.

भाऊजी निघाले नाहीत.  त्यांच्या पँटची इस्त्री हलताना मला स्वच्छ दिसत होती. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "सर," ते म्हणाले, "वरचा उजवा कोपरा. तो इनॅमल नाही. पेंट आहे."

मालकानं घड्याळ उचललं. भिंग लावलं, खिडकीशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. किती वेळ, ते तिथल्या सगळ्या घड्याळांनी मोजलं असेल.  शेवटी पाठ न वळवताच त्यानं विचारलं, "हे तुझ्याकडे पंधरा दिवस होतं. तुला दिसलं नाही?"

"नाही, सर. दिसलं नाही."

"मग कसं कळलं?"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या वहिनींनी त्याची पूजा केली."

म्हातारा वळला. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. पण त्यानं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाला, "माझ्याकडे हे अकरा वर्षं आहे. मलाही दिसलं नाही." मग गल्ल्यापाशी गेला, ते टाइप केलेलं कार्ड काढलं, 'अखंड' हा शब्द पेनानं खोडला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, एक कोपरा दुरुस्त केलेला. लिहिताना त्यानं बापाच्या फोटोकडे पाहिलं नाही. बाहेर फुटपाथवर आल्यावर भाऊजी भिंतीला टेकले आणि म्हणाले, "वहिनी, पाणी असेल का?"

त्या बाईंनी घड्याळ घेतलं नाही. वर्षही दुकानाला वाईट गेलं. एका घड्याळानं दुकान बुडत नाही, एवढं मलाही कळतं. पण ते विकलं गेलं असतं तर शटर आणखी काही महिने उघडं राहिलं असतं, आणि तेवढ्या वेळात भाऊजींचा कागद आला असता, असं हे आजही म्हणतात आणि मी ऐकून घेते. पुढच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं. भाऊजींचा अर्जही तिथंच संपला. विमानतळावर मी रडले, हे रडले, भाऊजी मात्र आमची समजूत काढत होते. पासपोर्ट दाखवायच्या रांगेत पुढं सरकताना त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. मागं पाहायची भीती वाटली असणार.

मग ते कोल्हापूरला पुतण्याच्या पेढीवर बसू लागले, पैंजणांचे हुक बदलून द्यायचे, कुणी जुनं घड्याळ आणलं तर त्या दिवशी जेवायला उशिरा जायचे. त्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांचं एरोग्राम, परदेशी टपालाचं ते निळं घडीचं पत्र, आलं. बारीक अक्षर, कडेपर्यंत भरलेलं, सगळ्यांची विचारपूस, आणि शेवटी लिहिलं होतं : "इथं सगळे विचारतात, अमेरिका सोडून परत का आलास? मी सांगतो, तिथली थंडी सोसली नाही. खरं सांगायची भीती वाटते. खरं सांगितलं तर लोक मला धीट समजतील, आणि मग तसं वागावं लागेल."

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. सगळ्यांचं क्षेमकुशल कळवलं, आणि खाली लिहिलं की, भाऊजी, यंदा आमच्याकडे थंडी फारशी पडली नाही.